राखीव माणसाने काय मागावं?

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू कुठे जाणार हे क्वार्टरबॅक ठरवतो. फ्रँक राइक हा बफेलो बिल्सचा राखीव क्वार्टरबॅक. जिम केली जायबंदी झाला, तरच याला संधी. मग रोज घाम गाळताना अशा माणसाने मनात नेमकं काय मागायचं?

३ जानेवारी १९९३ रोजी केली दुखापतीमुळे बाहेर होता. ह्यूस्टन ऑयलर्स ३५-३ ने पुढे. तिथून राइकच्या संघाने जादा वेळेत ४१-३८ असा सामना जिंकला. पुढच्या सामन्यात पिट्सबर्गलाही हरवलं. मग केली बरा झाला आणि राइक पुन्हा बाकावर. मला तो विजय नाही, हे बाकावर परतणं छळतं. जिंकून देणाऱ्याची जागा काढून घ्यायची? पण पाय दुखावला म्हणून केलीने तरी ती का गमवावी? (आपण बाहेरचे लोक मात्र बिनधास्त जिंकणाऱ्याच्या बाजूने असतो.)

२०१८च्या सुपर बोलमध्ये राइक फिलाडेल्फिया ईगल्सचा आक्रमणाचा प्रशिक्षक होता. मुख्य क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झ जायबंदी. राखीव निक फोल्सने जिंकून दिलं. पुढच्या मोसमात वेंट्झ परतला, फोल्स बाकावर गेला.

२०२१मध्ये राइक इंडियानापोलिस कोल्ट्सचा मुख्य प्रशिक्षक होता. तेव्हा कोल्ट्सने त्या दोघांपैकी वेंट्झला घेतलं.