वजन गाडीला, घेर रस्त्याला

॥ श्री ॥



पत्रिकेसाठी सेवेतला एखादा अनुभव लिहा, असं वहिनी दोन महिने मागे लागल्या होत्या. अनुभव म्हटलं की आपण गोडच लिहितो. साखर कमी पडली आणि दारात कुणीतरी साखरेचं पोतं आणून ठेवलं, असे. तसे मलाही आलेत. पण आज जो लिहितेय तो तसा नाही. वाचून कुणाला वाईट वाटलं तर क्षमा असावी.

आपल्यात स्कूटर चालवणाऱ्या ज्या जणी आहेत त्यांनी जरा आठवून बघा, आपण स्कूटरवरून काय काय नेलंय. मी सांगते माझं. पंचवीस किलो तांदळाची पोती तर धरतच नाही. सत्यनारायणाचे केळीचे खांब, मागे हातभर बाहेर आलेले. गणपतीची मूर्ती, मांडीवर घेऊन जाऊबाई मागे बसलेल्या. कुंडीसकट तुळस. घडीची शिडी. एकदा तर गादी! ती दोघींच्या मध्ये उभी धरली होती आणि वाऱ्यानं शिडासारखी फुगत होती. हसत हसत घरी पोचलो आणि आठवडाभर सगळ्यांना सांगत सुटलो. अशा गोष्टींचं आपल्याला कौतुक असतं. 'टेम्पोचे पैसे वाचवले' हे वाक्य म्हणताना जो आनंद होतो तो काही औरच.

आमच्या वडिलांकडे चेतक होती. त्या काळी स्कूटरचा नंबर लागायला वर्षं जायची, त्यामुळे एकदा आलेली गाडी घरचा बैलच समजली जायची. गॅसचा सिलिंडर वडील पायाशी आडवा ठेवून आणायचे. भरलेला सिलिंडर म्हणजे आत 14.2 किलो गॅस आणि वरून जवळपास तेवढंच लोखंड. चेतकचा मागचा ब्रेक उजव्या पायाशी असायचा. सिलिंडर जरा सरकला की ब्रेकवर पाय जायला जागाच नाही. लहानपणी आम्हाला वाटायचं, बाबा किती शूर. भरलेला सिलिंडर दुचाकीवरून नेऊ नये असा गॅस सिलिंडरांच्या नियमांत स्पष्ट नियमच आहे, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

स्कूटर ओझ्याला सोयीची वाटते ती पाय ठेवायच्या त्या सपाट जागेमुळे. जड वस्तू तिथं ठेवली तर ती खाली राहते, दोन चाकांच्या मध्ये राहते, गाडी डगमगत नाही. तेच ओझं सीटच्याही मागे लोंबत राहिलं की पुढचं चाक हलकं होतं आणि चढावर हँडल हातात नसल्यासारखं वाटतं. हँडलला दोन्हीकडे पिशव्या अडकवल्या की वळताना त्या आपल्याला ओढतात. हे सगळं चालवणाऱ्याला आपोआप समजतं, कारण ते त्याच्या हाताला जाणवतं. जे हाताला जाणवत नाही, त्याचंच मला लिहायचंय.

दोन वर्षांपूर्वीची गुरुपौर्णिमा. आषाढातला बेळगावचा पाऊस, तुम्हाला सांगायला नको. महाप्रसादाला एक मोठा टोप कमी पडतोय असं आदल्या दिवशी दुपारी लक्षात आलं. भांडी भाड्यानं देणाऱ्याकडे एकच शिल्लक होता, जर्मनचा, तोंडाचा घेर असा की मी हात पसरले तर कडेला कशीबशी बोटं पोचतील. टेम्पो करायचा तर चारशे रुपये म्हणाला. मी म्हटलं, चारशेत किती जणांचा भात होतो! अंगावर रेनकोट, डोक्यावर हेल्मेट. दुकानातल्या पोरानं टोप मागच्या सीटवर आडवा करून, तोंड मागे, सुतळीनं घट्ट बांधून दिला. जर्मनचा असल्यामुळे वजन फार नव्हतं. हलवून बघितला, जागचा हलला नाही. समाधान वाटलं.

कपिलेश्वर मंदिराजवळच्या उड्डाणपुलावरून शहापुराकडे उतरले. टोपावर पाऊस ताशासारखा वाजत होता, दुसरं काही ऐकू येत नव्हतं. दोन्ही आरशांत टोपाचं पोट दिसत होतं, मागचा रस्ता नाही. तरी मी सावकाश चालले होते. तोंडात नामस्मरण चालू होतं, हेही लिहिते, कारण ते खरं आहे.

कार्यालयावर पोचले. टोप सोडताना बघितलं तर त्याच्या कडीत निळ्या प्लॅस्टिकचा तुकडा अडकलेला. पावसात सायकलवाले डोक्यावरून खोळ घेतात, तिचा. वीतभर फाटलेला.

मला तेव्हाच कळलं होतं. कळलं नाही असं मी आजपर्यंत दोघा-तिघांना सांगितलं असेल, पण कळलं होतं. मी तो तुकडा पर्समध्ये घातला आणि भाजी चिरायला बसले. मन म्हणत होतं, वाऱ्यानं उडून आला असेल.

रात्री झोप लागेना. सकाळी यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, "आधी उत्सव होऊ दे, मग बघू." झाला उत्सव. छान झाला. त्या टोपात भात केला, दीडशे पानं उठली. आणि तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं पुलाखाली गेलो. पानाच्या टपरीवाल्याला लगेच आठवलं. एका सायकलवाल्याच्या खांद्याला भांडं लागलं, तो हातावर पडला, लोकांनी बसवून चहा पाजला, मग सायकल हातात धरून चालत गेला. "गाडीवाली बाई थांबलीच नाही," तो म्हणाला. ती बाई मीच, हे त्याला तेव्हा सांगायचं धैर्य झालं नाही.

शोधत शोधत वडगावात त्यांचं घर सापडलं. साठीच्या आसपासचे गृहस्थ, साडीच्या मागावर कामाला. उजवं मनगट प्लॅस्टरमध्ये. मी सगळं सांगितलं. ऐकून ते हसले आणि म्हणाले, "असू दे की ओ ताई. प्रसादाचं भांडं लागलं म्हणायचं. चांगलंच होईल काहीतरी." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. केवढं मोठं मन!

त्यांच्या बायकोनं मात्र पाणी आणून ठेवलं, उभी राहिली आणि म्हणाली, "सहा आठवडे मागावर कोण बसायचं?"

मागावरचं काम जितकं विणलं तितके पैसे असं असतं. प्लॅस्टरच्या हाताला कुणी मजुरी देत नाही. त्यांनी एक्स-रे आणि प्लॅस्टरचा खर्च तेवढा घेतला, मजुरीचे पैसे काही केल्या घेतले नाहीत. पुढे आम्ही त्या माउलीकडून दोन साड्या घेतल्या, जरा जास्त देऊन. तिनं ते जास्तीचे पैसे मोजून परत केले.

घरी आल्यावर ज्यांना सांगितलं त्या सगळ्यांचं एकच म्हणणं. तू देवाचं काम करत होतीस. तुझा हेतू वाईट नव्हता. अजाणतेपणी झालं. आणि त्यांनी स्वतःच माफ केलं म्हटल्यावर आता कशाला मनाला लावून घेतेस? माझ्या धाकट्या नणंदेनं तर, त्यांचं काही प्रारब्ध असेल, इथपर्यंत मजल नेली. तिला मी जरा रागानंच बोलले. दुसऱ्याच्या मोडलेल्या हाताला प्रारब्ध म्हणायची आपल्याला फार घाई असते. स्वतःचा मोडला तर आधी खड्ड्याला शिव्या देतो.

पण 'अजाणतेपणी' हा शब्द काही माझ्या डोक्यातून जाईना. मग मला मांडव्य ऋषींची गोष्ट आठवली. महाभारतात आदिपर्वात आहे. चोरांनी चोरीचा माल त्यांच्या आश्रमात लपवला, ऋषी मौनात होते, राजाच्या माणसांनी त्यांनाही चोर समजून सुळावर दिलं. तरी ते जगले. पुढे त्यांनी यमधर्माला विचारलं, मी कोणतं पाप केलं होतं म्हणून हे भोगलं? तो म्हणाला, लहानपणी तू किड्यांच्या शेपटीत गवताची काडी खुपसली होतीस. ऋषी संतापले. इवल्याशा पोराच्या न कळत्या वयातल्या गोष्टीला एवढी शिक्षा? त्यांनी यमधर्मालाच दासीच्या पोटी जन्म घेण्याचा शाप दिला, तो विदुर झाला.

लहानपणी ही गोष्ट ऐकताना आपल्याला वाटतं, बघा, अजाणता केलेल्याला माफी असते. पण ऋषींनी तेव्हा एक नियमही घालून दिला, तो आपण विसरतो. चौदाव्या वर्षापर्यंत केलेल्याचं पाप लागणार नाही. पुढे लागेल. माझं वय छप्पन्न.

आणि माझं अजाणतेपण तरी कसलं? आरसे टोपानं झाकले गेलेत हे मला निघतानाच दिसत होतं. ऐकू येत नाही हे कळत होतं. टोप हँडलपेक्षा रुंद आहे हे दुकानातच दिसलं होतं. मला कळू नये याची सगळी सोय मी माझ्याच देखत सुतळीनं बांधून घेतली होती आणि मग म्हणत होते, मला कळलंच नाही.

मी दुकानात टोप हलवून बघितला तो कशासाठी? पडू नये म्हणून. म्हणजे टोपाची काळजी होती, गाडीची होती, माझी होती. वजनाचा विचार मी केला, कारण वजन माझ्या गाडीवर येणार होतं. घेराचा केला नाही. घेर बाजूनं जाणाऱ्याच्या वाट्याला होता, आणि त्याला कुणी विचारलं नव्हतं. टेम्पोचे चारशे वाचले असं मी म्हणत होते. ते वाचले नव्हते. ते, आणि त्याच्या किती तरी पट जास्त, वडगावातल्या एका घरातून गेले. आपल्या हिशेबाच्या वहीत ते आले नाहीत एवढंच.

आमचे चिरंजीव विम्याच्या कामात आहेत. तो म्हणाला, "आई, कायदा तुझ्यापेक्षा शहाणा आहे." गाडीचा स्वतःचा विमा काढला नाही तरी चालतं. तुमची गाडी, तुमचं नुकसान, तुमची मर्जी. पण तिसऱ्या माणसासाठीचा विमा सक्तीचा आहे, त्याशिवाय गाडी रस्त्यावर आणताच येत नाही. इतकी वर्षं मी तो हप्ता दंड भरल्यासारखा भरत होते. हा 'तिसरा माणूस' म्हणजे कोण, हा विचार कधी मनात आला नव्हता. तो निळी खोळ पांघरून माझ्या डाव्या बाजूनं चालला होता.

आता त्यांनी माफ केलं, त्याचं काय? यावर आमच्या रविवारच्या बैठकीत बरीच चर्चा झाली. एक काका म्हणाले, ज्याचं नुकसान झालं त्यानं सोडलं की संपलं. मला ते पटत नाही. त्यांनी प्रसाद म्हटलं, हे त्यांचं मोठेपण. ते मोठेपण मी माझ्या पावतीसारखं वापरायचं का? प्रसाद म्हणायचा अधिकार ज्याला लागलं त्याचा. मी म्हटलं तर तो निर्लज्जपणा होईल. शिवाय माफी एकट्या त्यांची नव्हतीच. मजुरी बुडाली ती दोघांची, आणि त्या माउलीनं अजून काही म्हटलेलं नाही. मी तिच्याकडे तशी अपेक्षाही ठेवत नाही.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी, नाहीतर गैरसमज होईल. हे वाचून कुणी आपल्या दूधवाल्याला उपदेश करायला जाऊ नये. आसपासच्या गावांतून पहाटे कॅन लावून जे येतात, त्यांच्याकडे मी आता मुद्दाम बघते. दोन्ही बाजूंना सारखं वजन, साखळीनं आवळलेलं, आणि गल्लीत वळताना ते आधी बाजूच्या माणसाकडे बघतात. आपला घेर त्यांना आपल्याहून चांगला माहीत असतो. तरी धोका आहेच, नाही असं नाही. पण त्यांना दुसरी गाडी परवडत नाही, आणि दूध दारात, वेळेवर, दोन रुपये कमीच हवं असतं ते आपल्याला. मग त्या कॅनमधलं थोडं ओझं आपलंही झालं की नाही? माझ्याकडे मात्र चारशे रुपये होते. दोघांना एकाच मापानं मोजता येणार नाही.

उत्तर सापडलं असं मी म्हणत नाही. काही भगिनी म्हणतात, इतका विचार केला तर सेवा करायलाच नको, घराबाहेर पडायलाच नको, पायाखाली मुंगी मरतेच. खरं आहे. पण मुंगीपासून टोपापर्यंत मध्ये बरंच अंतर आहे, आणि मुंगीचं नाव पुढे करून आपण ते सगळं अंतर माफ करून घेतो, असं मला वाटतं.

त्या गृहस्थांचा हात बरा झाला. मूठ पूर्वीसारखी वळत नाही, पण मागावर बसतात. मागच्या गुरुपौर्णिमेला त्यांना बोलावलं होतं. एकटेच आले, जेवले आणि भांडी घासायला बसले. कितीही सांगितलं तरी उठेनात.

तर आता कामाचं. यंदा भांडी, तांदळाची पोती आणि मंडपाचं सामान टेम्पोनं येईल. जाऊन-येऊन नऊशे रुपये ठरलेत. हा खर्च 'वाहतूक' म्हणून वेगळा न दाखवता अन्नदानाच्या खात्यात धरावा असं मी सुचवलंय. अन्नदानासाठी आलेले पैसे गाडीभाड्याला कसे, असा प्रश्न दोघा-तिघांनी विचारलाय आणि तो योग्यच आहे. येत्या रविवारी पाच वाजता त्यावर बोलू. ज्यांना येणं जमणार नाही त्यांनी आपलं मत गटावर न टाकता मला वैयक्तिक कळवावं, म्हणजे बाकीच्यांना उगाच शंभर निरोप वाचावे लागणार नाहीत.

आपली,
एक सेवेकरी भगिनी, बेळगाव