दीर्घिकांच्या मधलं द्रव्य

मोशीतून नाशिक रस्त्यानं चाकण, राजगुरुनगर, मंचर ओलांडत गेलं की नारायणगावाजवळ खोडदला ३० महाकाय रेडिओ दुर्बिणी लागतात. उलट दिशेला, पुणे विद्यापीठाच्या आवारात, आयुका ही खगोलशास्त्राची संस्था. मधल्या आमच्या पट्ट्यात हायमास्टच्या उजेडापुढे मोजके तारे दिसतात. पण इथं ज्या शोधाबद्दल लिहितोय, त्याच्यापुरते मोशी आणि लडाख सारखेच आंधळे. क्ष-किरण वातावरणातून जमिनीपर्यंत पोचतच नाहीत.

कृष्णद्रव्याविषयी आपण पुष्कळ ऐकतो. मला जास्त विचारात पाडतो तो साध्या, अणूंच्या द्रव्याचा तुटवडा. महास्फोटानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत बनलेल्या ड्यूटेरियमवरून असं द्रव्य एकूण किती, हे काढता येतं. विश्वाच्या ऐवजात त्याचा वाटा जेमतेम ५ टक्के. फुकुगिता, होगन आणि पीबल्स यांनी १९९८ मध्ये त्याचा जमाखर्च मांडला, तेव्हा सगळे तारे मिळून त्यातला जेमतेम सहावा हिस्सा भरला.

द्रव्य म्हणजे तारे, दीर्घिका, ही समजूत खरं तर आधीच डळमळली होती. १९६२ मध्ये जियाकोनींच्या अग्निबाणानं सूर्यमालेबाहेरचा पहिला क्ष-किरण स्रोत टिपला. १९७० मध्ये ‘उहुरू’ उपग्रह गेला आणि अख्खे दीर्घिकासमूह क्ष-किरणांत उजळलेले आढळले. समूहातल्या दीर्घिकांच्या मधल्या जागेत कोट्यवधी अंश तापलेला विरळ वायू भरलेला असतो आणि त्याचं वस्तुमान ताऱ्यांच्या कित्येक पट भरतं. १९९९ मध्ये सेन आणि ऑस्ट्रायकर यांनी संगणकीय प्रतिकृतींवरून पुढचं पाऊल टाकलं: हरवलेला वाटा समूहांना जोडणाऱ्या तंतूंमध्ये, एक लाख ते एक कोटी अंश तापमानात आहे.

आपल्याकडे टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं ‘ॲस्ट्रोसॅट’ उपग्रहासाठी (२०१५) क्ष-किरण दुर्बीण बांधली. पत्र्याच्या कामात मुरलेल्या आमच्या भागाला तिची रचना आवडावी. सोन्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे एकात एक बसवलेले. क्ष-किरण समोरून आदळला तर आत शिरतो, अगदी तिरका आला तरच परावर्तित होतो. समूहांतला तप्त वायू तिला दिसतो, तंतूंमधल्या वायूची पुसट खूण मात्र तिच्या कुवतीबाहेरची. आयुकाचे जयदीप बागची आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवरचा ‘सरस्वती’ महासमूह जाहीर केला. अशा तंतूंचा शोध घ्यायचा तो अशाच ठिकाणी.

२०१८ मध्ये निकास्त्रो यांच्या गटानं ‘एक्सएमएम-न्यूटन’ दुर्बीण एका दूरच्या क्वेसारवर दीर्घकाळ रोखली. त्या प्रकाशात सहा इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनच्या दोन शोषणखुणा सापडल्या. हिशेब मिटल्याच्या बातम्या आल्या. मला त्या उतावीळ वाटल्या. एवढ्या तापमानाला हायड्रोजनजवळ इलेक्ट्रॉनच उरत नाही, म्हणून ऑक्सिजनवरून अंदाज बांधायचा. पण तो ऑक्सिजन ताऱ्यांत बनून बाहेर फेकला गेलेला. हायड्रोजनच्या मानानं तो किती, हे गृहीतच धरावं लागतं. शिवाय दृष्टिरेषा एकच.

२०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या रेडिओ दुर्बिणींनी निराळी वाट काढली. क्षणिक रेडिओ स्फोटांच्या कमी कंप्रतेच्या लहरी वाटेतल्या इलेक्ट्रॉनांमुळे मागे पडतात. त्या विलंबावरून मकार्ट आणि सहकाऱ्यांनी द्रव्य मोजलं आणि बेरीज जुळली. आयुका उभारणाऱ्या नारळीकरांनी महास्फोट सिद्धान्त कधी मान्य केला नाही. अशा शंकेखोर परंपरेतल्या माणसालाही ड्यूटेरियमचा आधार न घेता झालेली ही मोजणी गंभीरपणे घ्यावी लागेल. मात्र ते द्रव्य वाटेत नेमकं कुठे आहे, किती तापलेलं आहे, हे विलंब सांगत नाही. ते क्ष-किरणांनाच विचारायला हवं.

२०२५ मध्ये शॅपली महासमूहातल्या चार समूहांना जोडणारा, सुमारे २.३ कोटी प्रकाशवर्षं लांबीचा तंतू मोजला गेला. ‘सुझाकू’ उपग्रहानं फिकट उजेड टिपला आणि ‘एक्सएमएम-न्यूटन’नं त्यात मिसळलेली कृष्णविवरांची चकाकी वेगळी काढली. त्या वायूचं तापमान एक कोटी अंशांच्या घरात निघालं, म्हणजे सेन-ऑस्ट्रायकरांच्या पट्ट्याचं वरचं टोक. खालचा, काही लाख अंशांचा वायू असा थेट उजेडात पकडायला याहून मोठे आरसे आणि बारीक वर्णपट लागतील.