राज्य गेले, बाजार राहिला

वसाहत हातची गेली की तिचा व्यापारही गेला, असे अठराव्या शतकातील बहुतेक युरोपीय मुत्सद्दी धरून चालत. इंग्लंडने १६५१ पासून केलेले नौकानयन कायदे याच समजुतीवर उभे होते. वसाहतींचा माल ब्रिटिश किंवा वसाहतींच्याच जहाजांतून जावा, साखर-तंबाखूसारखा निवडक माल आधी इंग्लंडच्या बंदरात उतरावा, युरोपचा माल वसाहतींनी इंग्लंडमार्गेच घ्यावा, अशी त्यांची रचना होती. यातून व्यापाऱ्यांना नफा आणि आरमाराला तयार खलाशी मिळत. दुसऱ्या लाभाचे वजन अधिक होते, आणि अमेरिका स्वतंत्र झाल्यावर पेटलेला वाद मुख्यतः त्याच्याभोवतीच फिरला.

या समजुतीला तडा देणाऱ्यांत ग्लॉस्टरचे डीन जोसाया टकर हे धर्मोपदेशक आघाडीवर होते. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाला तोंड फुटण्यापूर्वीच, १७७४ मध्ये, उत्तर अमेरिकेतील वसाहती सोडून द्याव्यात असे त्यांनी सुचवले. अमेरिकनांविषयी त्यांना जिव्हाळा मुळीच नव्हता. त्यांचा हिशेब सरळ होता : ब्रिटिश माल स्वस्त आहे आणि ब्रिटिश व्यापारी लांब मुदतीची उधारी देतात, तोवर राज्य कोणाचेही असो, गिऱ्हाईक येणारच. दोन वर्षांनी अ‍ॅडम स्मिथ यांनी वसाहतींच्या मक्तेदारीचा खर्च तिच्या लाभापेक्षा जास्त असल्याचे सविस्तर मांडले. मात्र त्याच ग्रंथात, देशाचे संरक्षण संपत्तीहून महत्त्वाचे असल्याने नौकानयन कायदा शहाणपणाचा आहे, असेही त्यांनी म्हटले. त्यामुळे पुढे दोन्ही बाजूंना स्मिथ यांचा आधार घेता आला.

प्रश्न प्रत्यक्षात उभा राहिला तो १७८३ मध्ये. पंतप्रधान शेलबर्न यांना अमेरिकेशी उदार तह हवा होता. व्यापार खुला ठेवला तर तुटलेले नाते निराळ्या रूपात टिकेल, अशी त्यांची अपेक्षा होती. फेब्रुवारीत त्यांचे मंत्रिमंडळ पडले. तरीही मार्चमध्ये विल्यम पिट यांनी विधेयक मांडले : अमेरिकन जहाजांना ब्रिटिश वेस्ट इंडीज बेटांची बंदरे खुली असावीत. संसद सदस्य विल्यम ईडन यांनी त्याला कडाडून विरोध केला. स्वातंत्र्य ज्यांनी लढून घेतले, त्यांना साम्राज्यात राहणाऱ्यांचे लाभ का द्यावेत, हा सवाल सभागृहाला पटला. विधेयक दुरुस्त्यांखाली दबून संपले.

विरोधाला सैद्धांतिक बैठक लॉर्ड शेफील्ड यांच्या पुस्तिकेने दिली. त्यांचे म्हणणे असे की अमेरिकन ब्रिटिश कापड आणि लोखंडी सामान तसेही घेणारच, मग सवलत देण्याचे कारण काय? बेटांना लागणारे लाकूड, पीठ आणि मासे कॅनडा, नोव्हा स्कॉशिया व आयर्लंड पुरवतील. आणि अमेरिकेची तेरा राज्ये एकजुटीने प्रत्युत्तर देऊ शकणार नाहीत. गंमत अशी की शेफील्ड यांनी टकर यांचाच मुद्दा उचलून त्यातून उलटा निष्कर्ष काढला होता. २ जुलै १७८३ च्या राजाज्ञेने हे धोरण पक्के झाले : अमेरिकेचे लाकूड, धान्य, जनावरे बेटांवर जातील, पण ब्रिटिश जहाजांतूनच, खारवलेले मांस आणि मासे मुळीच नाहीत. स्मिथ यांनी त्याच डिसेंबरात ईडन यांना लिहिलेल्या पत्रात अमेरिकन व्यापाराची फारशी चिंता नसल्याचे सांगितले. सर्व देशांना समान वागणूक दिली तर शेजारच्या युरोपशी होणारा व्यापार कितीतरी लाभदायक ठरेल, असे त्यांचे मत होते.

शेफील्ड यांचा पहिला अंदाज खरा ठरला. युद्ध संपताच ब्रिटिश माल अमेरिकेत पुन्हा ओतला जाऊ लागला. बेटांबाबतचा अंदाज मात्र फसला. कॅनडातून पुरेसा पुरवठा झाला नाही, त्यात वादळांनी पिके झोडपली. १७८० ते १७८७ या काळात उपासमारीने आणि तिच्यातून आलेल्या रोगांनी सुमारे १५,००० गुलाम मेल्याचे जमैकाच्या विधिमंडळाच्या समितीने नोंदवले. लंडनच्या चर्चेत जहाजमालक होते, मळेवाले होते. ज्यांच्या पोटावर हा निर्णय पडला ते कोठेच नव्हते. मळेवाल्यांनी आपल्यापुरता मार्ग काढला, तो चोरट्या व्यापाराचा. १७८५ मध्ये नेव्हिस बेटावर होरेशिओ नेल्सन या तरुण कप्तानाने अमेरिकन जहाजे पकडली, तेव्हा स्थानिक लोक त्याच्यावरच उलटले. दाव्यात अटक होईल म्हणून त्याला काही आठवडे जहाजावरच राहावे लागले.

शेफील्ड यांची खरी चूक तिसऱ्या, राज्यांच्या एकजुटीविषयीच्या अंदाजात होती. १७८५ मध्ये अमेरिकेचे राजदूत म्हणून लंडनला आलेल्या जॉन अ‍ॅडम्स यांना व्यापारी करार मिळाला नाही. मॅसॅच्युसेट्सने ब्रिटिश जहाजांवर निर्बंध घातले, पण शेजारच्या राज्यांनी साथ न दिल्याने ते निष्फळ ठरले. या अनुभवातूनच व्यापाराचे नियमन केंद्राकडे हवे, ही मागणी बळावली. १७८६ च्या अ‍ॅनापोलिस परिषदेला पाचच राज्ये आली, तरी तिने पुढील वर्षीच्या फिलाडेल्फिया परिषदेची वाट मोकळी केली. नव्या राज्यघटनेने तो अधिकार काँग्रेसला दिला. ब्रिटिश धोरणाने जी एकजूट अशक्य मानली, तिच्या घडणीला त्याच धोरणाने हातभार लावला.

आता वाद अमेरिकेत शिरला. ब्रिटनवर जादा कर लावून त्याला वाकवावे, असे काँग्रेस सदस्य मॅडिसन आणि परराष्ट्रमंत्री जेफर्सन यांचे मत; तर सरकारचा महसूल मुख्यतः ब्रिटिश मालावरील जकातीतून येतो, तो बुडवू नये, असे अर्थमंत्री हॅमिल्टन यांचे. १७९४ मध्ये ब्रिटनशी झालेल्या ‘जे तहा’ने बेटांची दारे थोडी किलकिली केली, पण केवळ ७० टनांपर्यंतच्या जहाजांसाठी, आणि साखर, कॉफी, कापूस अमेरिकेतून पुन्हा बाहेर न पाठवण्याच्या अटीवर. सिनेटने ते कलम वगळूनच तह २० विरुद्ध १० मतांनी मंजूर केला. त्याच तहाने अमेरिकन जहाजांना मुंबई, मद्रास, कलकत्त्याच्या बंदरांत रीतसर प्रवेश दिला. ईस्ट इंडिया कंपनीबाहेरच्या ब्रिटिश व्यापाऱ्याला जवळजवळ बंद असलेला मार्ग बंडखोर वसाहतीला असा मिळाला. वेस्ट इंडीजमध्ये जे देणे धोक्याचे वाटत होते, ते हिंदुस्थानात देताना लंडनला विशेष अडचण वाटली नाही.

ब्रिटन आणि अमेरिका यांच्यातील १८१२ च्या युद्धानंतर १८१५ चा करार झाला. त्यात दोन्ही देशांच्या थेट व्यापारात दोघांच्या जहाजांना समान दर मिळाले. बेटे अजूनही बाहेरच होती. १८१८ मध्ये अमेरिकेने, आपल्या जहाजांना बंद असलेल्या ब्रिटिश बंदरांतून येणाऱ्या ब्रिटिश जहाजांना आपलीही बंदरे बंद केली. १८२२ मध्ये ब्रिटनने काही बंदरे उघडली, पण साम्राज्यातील मालाइतकाच कर आमच्या मालावर हवा, असा हट्ट अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी धरला. जहाजांवर समान कर मागणे वेगळे आणि साम्राज्यांतर्गत सवलतीत वाटा मागणे वेगळे. ब्रिटनने दुसरी मागणी फेटाळली आणि १८२६ मध्ये बंदरे पुन्हा मिटली. अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी ती मागणी सोडून दिली, तेव्हा ऑक्टोबर १८३० मध्ये तडजोड झाली. तीन वर्षांनी ब्रिटिश संसदेने गुलामगिरी संपवणारा कायदा केला. नौकानयन कायदे रद्द व्हायला मात्र १८४९ उजाडावे लागले.