ओइझुमीतले शेजारी

टोकियोच्या वायव्येला नेरिमा नावाचा भाग आहे आणि त्यात ओइझुमी. सत्तरच्या सुमाराला तिथे अजून कोबीची शेतं होती. तोएई कंपनीचा कार्टूनपटांचा स्टुडिओ 1950 च्या दशकापासून याच ओइझुमीत. आणि 1970 ते 1973 या काळात, शेतांच्या कडेच्या एका जुन्या दुमजली घरात, मोतो हागिओ आणि केइको ताकेमिया या मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, काढणाऱ्या विशीतल्या दोघी भाड्याने राहत होत्या. 1972 मध्ये स्टुडिओत नोकरकपात जाहीर झाली, संघर्ष पेटला आणि कंपनीने टाळेबंदी केली. त्याच सुमाराला या घरात मुलग्यांनी मुलग्यांवर प्रेम करण्याच्या गोष्टी शिजत होत्या. या दोन ठिकाणांचं आपसांत काही येणं-जाणं होतं, असं मला म्हणायचं नाही. पण संपांचा इतिहास एका कपाटात आणि समलिंगी, क्विअर माणसांचा दुसऱ्या कपाटात ठेवायची आपल्याला सवय लागली आहे. हे दोन पत्ते शेजारी शेजारी मांडले की एक प्रश्न जरा धड विचारता येतो : एकेकटी माणसं एकत्र येतात ती कशामुळे?

सारखं दुःख असलेली माणसं आपोआप जवळ येतात, हे नेहमीचं उत्तर. मला ते पटत नाही. सारखं दुःख माणसाला बहुतेक वेळा गप्प बसवतं; शेजारच्या टेबलावरचाही तेच सोसतोय, याचा पत्ता लागत नाही. मध्ये काहीतरी हातात धरण्यासारखं काम लागतं.

तोएईत ते काम होतं. हायाओ मियाझाकी 1963 मध्ये तिथे लागले, ते दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रं काढणारे साधे कर्मचारी म्हणून. वर्षभरात ते युनियनचे सरचिटणीस झाले; उपाध्यक्ष होते इसाओ ताकाहाता. बाईने लग्न झालं, मूल झालं की घरी बसायचं, हा तेव्हाचा रिवाज. रेइको ओकुयामा या चित्रकर्तीने तो मानला नाही. कंपनी मात्र कायम नोकऱ्या कमी करून चित्रामागे पैसे मोजण्याच्या कराराकडे वळत होती. याच मंडळींनी 1965 मध्ये एक चित्रपट हाती घेतला. दिग्दर्शक ताकाहाता, चित्रकारांचे प्रमुख यासुओ ओत्सुका. ‘होरुस’ या नावाने ओळखला जाणारा हा चित्रपट पुरा व्हायला 1968 उजाडलं. गोष्टीत एक गाव आहे, बाहेरून आलेला शत्रू गावात संशय पेरतो आणि शेवटी सगळ्यांना मिळून तलवार घडवावी लागते. युनियनच्या बैठकीतून उठून थेट चित्रफलकाशी बसल्यासारखी ही कथा. चित्रपट दहा दिवसांत उतरला. ताकाहातांना तोएईत पुन्हा मोठा चित्रपट मिळाला नाही. 1971 मध्ये ते आणि मियाझाकी दोघेही तिथून बाहेर पडले. आपल्याकडे संप मोजतात तो जिंकला की हरला यावर, आणि 1982 च्या गिरणी संपानंतर मुंबईत तर हरल्याचाच हिशेब जास्त. त्या मापाने तोएईची गोष्ट तोट्याचीच. पण पुढे स्टुडिओ जिब्लीत ताकाहाता-मियाझाकी अशी जी जोडी दिसली, ती युनियनच्या कामात आणि या चित्रपटाच्या रखडण्यात जुळली होती.

आता ते दुसरं घर. हागिओंचा जन्म 1949 चा, ओमुता गावचा. ओमुता म्हणजे मित्सुईच्या मिइके कोळसाखाणीचं गाव. तिथे 1959 मध्ये 1,278 माणसांना कामावरून काढलं आणि 1960 मध्ये जपानच्या कामगार इतिहासातला सर्वांत मोठा लढा झाला. कंपनीशी जुळवून घेणारी दुसरी युनियन निघाली, तेव्हा खाणकामगारांच्या वस्तीत शेजारी शेजाऱ्याला विचारीनासा झाला. एकजूट म्हटलं की आपण मोर्चा डोळ्यांसमोर आणतो; ती मोडते मात्र मोरीपाशी, नळावर, पोरांच्या खेळात. हागिओंच्या गोष्टींत बंदिस्त शाळा आणि त्यातले बोलता न येणारे ताण वारंवार येतात. त्याचं मूळ ओमुतात शोधायचा मोह मी आवरतो. लेखकाच्या जन्मगावावरून अर्थ काढणं हा समीक्षेतला आळस आहे.

ओइझुमीच्या घरासमोर नोरिए मासुयामा राहत. त्या स्वतः चित्रं काढत नसत. पुस्तकं, संगीत, युरोपी सिनेमा यांचा रतीब त्यांनी घातला. मुलींच्या मासिकांतल्या मांगा तेव्हा पुरुष संपादक ठरवत, आणि मुलीच्या गोष्टीचा शेवट कुठे व्हायचा तेही जवळजवळ ठरलेलं. हागिओंनी शाळेची एक कथा आधी मुलींना घेऊन मांडून पाहिली, ती घुसमटली. पात्रं मुलगे केल्यावर मोकळी झाली. हीच 1971 ची ‘नोव्हेंबर जिम्नॅशियम’. ती जिच्यावरून बेतली होती, ती आधीपासून मनात असलेली ‘थॉमसचं हृदय’ 1974 मध्ये छापून येऊ लागली. वाचकांच्या कौलात ती इतकी मागे पडली की संपादक ती गुंडाळायला निघाले. तेवढ्यात हागिओंच्या ‘पो घराणं’ या मालिकेच्या पहिल्या पुस्तकाच्या तीस हजार प्रती तीन दिवसांत संपल्या आणि कथा वाचली. ताकेमियांना ‘वारा आणि झाडाचं गाणं’ छापून आणायला कित्येक वर्षं संपादकांशी झगडावं लागलं. ती 1976 मध्ये सुरू झाली. तोवर घर मोडलं होतं. दोघींची मैत्री अशी तुटली की हागिओंनी त्याविषयी 2021 मध्ये पुस्तक लिहिलं, ते हा विषय माझ्यापुरता कायमचा मिटवा हे सांगायला.

या गोष्टी वाचणाऱ्यांत पुरुषांवर प्रेम करणारे पुरुष होते आणि बायकांवर प्रेम करणाऱ्या बायकाही. गोष्टी त्यांच्याविषयी नव्हत्या, त्यांनी लिहिलेल्याही नव्हत्या. फ्रान्स-जर्मनीतली वसतिगृहं, सोनेरी केसांची पोरं. तरीही, किंवा म्हणूनच, त्यांत शिरता आलं. पण शिरून वाचक एकटाच राहतो. संपकऱ्याला निदान फाटकापाशी उभं राहून तोंड दाखवता येतं, दाखवावंच लागतं. या वाचकाला नाव लपवून माणूस शोधायचा होता. त्याची सोय टपालाने केली. समलिंगी पुरुषांसाठी 1971 मध्ये निघालेल्या ‘बाराझोकु’ मासिकात माणूस शोधणाऱ्या जाहिरातीला क्रमांक असे. उत्तर देणाऱ्याने पत्र पाकिटात घालून त्यावर तो क्रमांक लिहायचा, मासिकाच्या कचेरीत धाडायचं. कचेरी ते पुढे पोचवी. कुणीतरी पगारी माणूस ती पाकिटं रोज क्रमवार लावत असणार. चळवळीच्या इतिहासात त्याचं नाव येत नाही, पण माझ्या लेखी तो युनियनच्या चिटणिसाच्या बरोबरीचा. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ‘आलान’ हे मासिक देखण्या मुलग्यांच्या प्रेमाला वाहिलेलं होतं, आणि त्यातच बायकांनी बायका शोधण्यासाठी पत्रव्यवहाराचं सदर चाले.

समोरासमोर भेटण्याची जागा आधीच निघाली होती. 21 डिसेंबर 1975 ला टोकियोत अग्निशमन दलाच्या सभागृहात पहिलं ‘कॉमिकेट’ भरलं : स्वतः छापलेल्या अंकांचे 32 गट, सातशेच्या आसपास माणसं, त्यांतल्या बहुतेक शाळकरी मुली आणि हागिओंच्या पिढीच्या चाहत्या. इथे गिऱ्हाईक कुणीच नाही, विकणारा आणि घेणारा दोघेही सहभागी, हे तत्त्व तेव्हापासून चालत आलं. आज तिथे लाखोंची गर्दी लोटते आणि तत्त्वाची ओढाताण होते, हे उघड आहे.

भांडणं झालीच. 1992 मध्ये मासाकी सातो या समलिंगी कार्यकर्त्याने ‘श्वाझीर’ या स्त्रीवादी पत्रिकेत या गोष्टी लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या बायकांवर कडक टीका केली : आमच्या प्रेमाचा तुम्ही खेळ करता, आमच्या जगण्याशी तुम्हाला देणंघेणं नाही. बायकांनी उत्तरं दिली. काहींनी कल्पनेचा हक्क सांगितला, काहींनी टीका मान्य केली आणि वाद काही वर्षं त्याच पत्रिकेत चालला. मला सातोंचा राग रास्त वाटतो.  मात्र हा वाद बराचसा एका बाजूला समलिंगी पुरुष आणि दुसऱ्या बाजूला पुरुषांवर प्रेम करणाऱ्या बायका, असा मांडला गेला. दहा वर्षांपूर्वी ‘आलान’च्या सदरात जिने मैत्रीण शोधली होती, तिच्यासाठी त्यात खुर्चीच मांडलेली नव्हती.