न झालेल्या गोष्टींचं खातं

रग्बी लीग म्हणजे एका चेंडूपायी तेरा-तेरा माणसांनी केलेली मारामारी, असंच मी समजत होतो. मग सिडनीतल्या २००३ सालच्या अंतिम सामन्याची चित्रफीत पाहिली आणि माझ्यातला बँकेचा कारकून जागा झाला.

रूस्टर्सचा टॉड बर्न चेंडू घेऊन कडेने सुसाट निघाला होता. पेनरिथचा स्कॉट सॅटलर काही वाऱ्याशी शर्यत लावणारा गडी नव्हे. पण तो आडवा धावत आला आणि बर्नला कवेत घेऊन थेट रेषेबाहेर गेला. पेनरिथ १८-६ ने जिंकलं. सामनावीराचं क्लाइव्ह चर्चिल पदक मिळालं ल्यूक प्रिडिसला, आणि पुढच्या हंगामात सॅटलर दुसऱ्याच क्लबात!

आता तुम्हीच सांगा, समोरच्याला न मिळालेल्या गुणांची किंमत करारात मांडायची कशी? आमच्या लेजरात जमा आणि नावे असे दोन रकाने. टळलेल्या तोट्याला रकानाच नाही. यात क्लबाची लबाडी असेलच असं नाही; जे घडलंच नाही ते मोजणार कशानं?

हे तत्त्वज्ञान मी घरी ऐकवत होतो. सौ. गॅसपाशी उभी होती.

"अहो, इतक्या वर्षांत आपल्याकडे दूध किती वेळा उतू गेलं?"

"दोनदा," मी तत्काळ म्हणालो. दोन्ही वेळा मी बरंच बोललो होतो.

"आणि किती वेळा नाही गेलं?"

मी बी.कॉम. आहे. पण हिशेब जमला नाही.