ती फाइल कुठे असते?

गेल्या दिवाळीत रात्री साडेबाराला मावसभावाचा मेसेज आला : 'दादा, अंडरटेलची ती फाइल कुठे असते?' कुठली फाइल, कशाला हवी, काही नाही. पण मला लगेच कळलं. 2017 मध्ये इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना होस्टेलच्या खोलीत मीही हीच फाइल शोधत बसलो होतो.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी सांगतो. अंडरटेल हा टोबी फॉक्सचा 2015 चा गेम. दिसायला जुनाट, ठिपक्याठिपक्यांचा. जमिनीखाली राक्षसांचं जग आहे, त्यात एक लहान मूल येऊन पडतं, ते मूल म्हणजे आपण. समोर येणाऱ्या प्रत्येकाला मारता येतं आणि एकालाही न मारता गेम पूर्ण करता येतो. सुरुवातीलाच टोरिएल भेटते. ती आपल्याला घरी नेते, खाऊपिऊ घालते, आणि आपण बाहेर जायला निघालो की वाट अडवते. तिला न मारता पुढे कसं जायचं हे पटकन लक्षात येत नाही, त्यामुळे पहिल्या खेपेला बऱ्याच जणांच्या हातून ती मरते. माझ्याही हातून मेली. मग आपण सगळे करतो ते मी केलं, मागचा सेव्ह लोड केला. टोरिएल जिवंत. या वेळी तिला सोडून पुढे गेलो, तर तिथे एक फूल उभं. ते मला म्हणालं की तू तिला मारलं होतंस, मग वाईट वाटून मागे आलास, हे मला ठाऊक आहे.

खुर्चीत ताठ बसलो होतो तेव्हा.

तरीही पुढच्या महिन्यात मी सगळ्यांना मारण्याचा मार्ग खेळलो. का? तर त्या मार्गाच्या शेवटी सॅन्ससोबतची लढत फार अवघड आहे असं ऐकलं होतं आणि ती जिंकायची होती. त्या मार्गात थरार फारसा नाही. एकेका भागात राक्षस यायचे थांबेपर्यंत नुसत्या चकरा मारायच्या. गावं रिकामी होत जातात, दुकानं ओस पडतात, संगीत संथ होत जातं. गेम आपल्याला कंटाळून सोडून देण्याची भरपूर संधी देतो. मी हेडफोन काढून दुसरीकडे गाणी लावली आणि चकरा मारत राहिलो. शेवटी त्या जगाचा अंत होतो. ते परत हवं असेल तर आपला आत्मा द्यावा लागतो. आणि तो दिला की नंतर कितीही सज्जनपणे खेळा, गोड शेवट कायमचा नासतो. गेम काढून पुन्हा टाकला तरी त्याला आठवत असतं. मी आयटीवाला होणारच होतो, शोधून काढलं. कम्प्युटरच्या एका आडबाजूच्या फोल्डरमध्ये एक-दोन छोट्या फाइल्स असतात. त्या डिलीट केल्या. गेम सगळं विसरला आणि मी झोपलो.

आई अजूनही विचारते, 'त्यात माणसं मारतोस ना रे?' तिचा रोख पबजीवर असतो. पबजीबद्दल मला कधीच काही वाटलं नाही. शंभर जण बेटावर उतरतात, सगळे मारायला आलेले असतात, मेलेला दोन मिनिटांत दुसऱ्या मॅचमध्ये असतो. ती पकडापकडीच आहे. 2 सप्टेंबर 2020 ला त्याच्यावर इतर 117 ॲप्ससोबत बंदी आली, तीसुद्धा देशाची सुरक्षा आणि डेटा या कारणांवरून. गेम खेळून पोरं हिंसक होतात का, हा प्रश्न मला फार रटाळ वाटतो. मला छळणारा प्रश्न वेगळा आहे : दुसरा पर्यायच नव्हता असं म्हणण्याचा हक्क माणसाला नेमका कधी असतो?

हा प्रश्न मला 'स्पेक ऑप्स : द लाइन'नं लावून दिला, आणि त्या गेमचा मला रागच होता. 2012 चा गेम, जगभर वाखाणलेला. वाळूच्या वादळांनी गाडलेल्या दुबईत कॅप्टन वॉकर दोन सोबत्यांना घेऊन शिरतो. एका ठिकाणी समोरच्या तळावर पांढऱ्या फॉस्फरसचा मारा करावा लागतो. मारा झाला की त्या जळलेल्या माणसांमधून चालत जायचं, आणि मग कळतं की तिथे सामान्य नागरिक आसऱ्याला होते. पुढे लोडिंगच्या स्क्रीनवर गेम आपल्यालाच टोमणे मारतो. मी तो मारा टाळायचा खूप प्रयत्न केला. जमत नाही, कारण रस्ताच ठेवलेला नाही. यावर चाहत्यांचं ठरलेलं उत्तर असतं, 'गेम बंद करायचा पर्याय होता की.' मला हे उत्तर लबाडीचं वाटायचं. पैसे घेऊन बोलावता, एकच दार उघडं ठेवता आणि त्यातून गेलो म्हणून मलाच गुन्हेगार ठरवता?

त्याउलट लुकस पोपचा 2013 चा 'पेपर्स, प्लीज' मला प्रामाणिक वाटायचा. 1982 साल, आर्स्टोट्झ्का नावाचा काल्पनिक देश, आपण सरहद्दीवरच्या खिडकीत बसलेले कारकून. पासपोर्ट बघायचा, शिक्का मारायचा. माणशी पाच क्रेडिट मिळतात, त्यात भाडं, जेवण, शेगडी, आजारी मुलाचं औषध. एक नवरा येतो, त्याची कागदपत्रं बरोबर असतात. जाताना म्हणतो, मागे बायको आहे, जरा सांभाळून घ्या. बायकोकडे परवाना नसतो. तिला आत सोडता येतं! कुणी अडवत नाही. फक्त चुकीची चिठ्ठी येते. दिवसातल्या पहिल्या दोन चिठ्ठ्या नुसत्या ताकीद असतात, तिसरीपासून दंड सुरू, पाच क्रेडिट. म्हणजे दयेला भाव आहे आणि तो छापील आहे. 'धिस वॉर ऑफ माइन'मध्येही असंच काहीसं आहे, म्हाताऱ्या जोडप्याच्या घरातून औषधं चोरली की आपलीच माणसं खचून जातात. पोलंडच्या सरकारनं 2020 मध्ये हा गेम शाळांच्या शिफारशीच्या यादीत घातला. आपल्याकडे असं काही व्हायला अजून वेळ आहे. असो.

आता कामाचं सांगतो. दोन-तीन वर्षं मी एका डिलिव्हरी कंपनीत होतो. नाव महत्त्वाचं नाही. तिथे मी एक नियम लिहिला : आठवड्यात तीन ऑर्डर ठरावीक वेळेपेक्षा उशिरा पोचल्या की रायडरचा आयडी आपोआप तीन दिवस ब्लॉक. पावसाचं काय, असं मी मीटिंगमध्ये विचारलं होतं. 'नेक्स्ट स्प्रिंट,' असं उत्तर आलं. मी परत विचारलं नाही.

2024 च्या जुलैत खडकवासल्यातून पाणी सोडलं, सिंहगड रोडला एकतानगरीत घरांत पाणी शिरलं, भिडे पूल तर दरवर्षीसारखा पाण्याखाली. त्या आठवड्यात एक तिकीट माझ्याकडे आलं. रायडरनं लिहिलं होतं, 'सर पूल बंद होता, फिरून गेलो, फोटो टाकलाय. आयडी चालू करा, गाडीचा हप्ता आहे.' फोटोत खरंच पाणी होतं. मी लॉग तपासले. नियम बरोबर चालला होता, बग नव्हता. मी लिहिलं, 'वर्किंग ॲज डिझाइन्ड' आणि तिकीट बंद केलं.

त्याच स्क्रीनवर उजव्या कोपऱ्यात आयडी चालू करायचं बटण होतं. माझ्याकडे परवानगी होती. दाबलं असतं तर कारण लिहावं लागलं असतं, ते आठवड्याच्या रिपोर्टमध्ये गेलं असतं आणि सोमवारी कुणीतरी विचारलं असतं, 'हे काय आहे?' एवढंच. पहिल्या दोन ताकिदींतली एक. पाच क्रेडिटसुद्धा नाहीत.

गंमत म्हणजे तेव्हा मला 'पेपर्स, प्लीज' आठवलाच नाही. त्या बाईला मी तीनही वेळा आत सोडलं होतं, एकदा माझा दंड भरून. आठवला तो कित्येक दिवसांनी, मित्रासमोर सारवासारव करताना. मी म्हणत होतो, 'नियम वरून आला होता यार, माझ्या हातात काय होतं?' मित्र म्हणाला, 'नोकरी सोडायची.' मी चिडलो. मग जाणवलं की हे भांडण मी आधी केलेलं आहे. 'स्पेक ऑप्स'ला मी जी तक्रार करायचो, शब्दन् शब्द तीच होती. फरक एवढाच की त्या गेममध्ये खरंच रस्ता नव्हता, आणि माझ्याकडे एक बटण होतं. राजीनाम्याइतकं मोठं काही करायचंही नव्हतं. मी मात्र राजीनामा आणि गप्प बसणं एवढेच दोन पर्याय असल्यासारखा वाद घालत होतो, कारण तसं मांडलं की गप्प बसणं परवडतं.

'स्पेक ऑप्स' मला अजूनही आवडत नाही. पण सगळ्यांना मारत चकरा मारताना हेडफोन काढणारा मुलगा आणि फोटो उघडून, पाणी बघून तिकीट बंद करणारा मी, यांच्यात फार अंतर दिसत नाही. गेमनं मला वाईट केलं असं म्हणणं सोपं आहे. गेमनं मला तेव्हाच ओळखलं होतं असं म्हणावं, तर तेही जरा जास्तच होतं. तो रायडर पुढे कामावर आला की नाही, मला माहीत नाही. कंपनी सोडताना माझी सगळी ॲक्सेस गेली. ते तिकीट तिथेच कुठेतरी असणार, खाली माझं नाव आणि वेळ.

तर, मावसभाऊ. मी त्याला उत्तर टाइप करायला घेतलं. आधी फोल्डरचा पत्ता लिहिला. मग तो पुसून 'कशाला हवी?' असं लिहिलं. तेही पुसलं, हे सगळं सांगावं का याचा विचार करत बसलो. सगळ्यांना मारलं असणार त्यानं, आणि आता गोड शेवट हवा असणार. चांगली पाच मिनिटं गेली असतील. तेवढ्यात त्याचाच मेसेज आला.

'राहू दे दादा, यूट्यूबवर मिळालं.'