चपला कोणी राखाव्यात?

खेळाच्या तासाला पायांत कॅलिपर घातलेला एखादा मुलगा झाडाखाली बसलेला दिसतो. इतरांच्या चपला आणि डबे त्याच्या स्वाधीन असतात. शिक्षक काही दुष्ट नसतात. पोराला इजा होऊ नये एवढीच त्यांची इच्छा असते. शब्बाथशाळेच्या सहलीत आम्हीही एकदा अशा मुलाला चपला राखायला बसवले आणि वर सर्वांसमक्ष त्याची वाहवा केली. परतताना तो म्हणाला, "सर, पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला बसवाल का?" तो प्रश्न आमच्या मनातून अद्याप गेलेला नाही.

कोणी म्हणेल, एकासाठी नियम बदलणे हा बाकीच्यांवर अन्याय नव्हे काय? पण लंगडीचा खेळ पाहा. धडधाकट मुलगा एक पाय उचलून धरतो आणि दुसऱ्या पायावर उड्या घेत गडी बाद करतो. ही अडचण आपणच घातली, कारण तिच्याशिवाय त्या खेळाला गोडी नाही. खेळाचे नियम खेळणाऱ्यांसाठी असतात. शब्बाथाविषयी प्रभूने परूश्यांना जे शिकवले, ते येथेही लागू पडते. अंधांच्या क्रिकेटमध्ये चेंडू खुळखुळतो आणि गोलंदाज तो खालून टाकतो. बैठ्या व्हॉलीबॉलमध्ये पुरुषांसाठी जाळ्याची उंची १.१५ मीटर असते. आपली सर्व मुले जमिनीवर बसून तो खेळ एकत्र खेळू शकतात.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. आपल्या मुलांत 'कच्चे लिंबू' असते. लहानग्याला खेळात घेतात, पण तो बाद होत नाही आणि त्याचा गुणही धरत नाहीत. अपंग मुलाला आपण असेच घेतले, तर चपला राखणे सुटेल. पण तो मोजला जाणार नाही. ज्याला हरता येत नाही, त्याला जिंकताही येत नाही. १९६५ च्या युद्धात जखमी झालेले आपले मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले. त्यांच्यासाठी घड्याळ हळू चालले नव्हते.

दोन्ही पायांनी लंगडा असलेल्या मफीबोशेथाला दावीद राजाने शिधा पाठवून गप्प बसवले असते, तरी लोकांनी त्याला दयाळूच म्हटले असते. परंतु राजाने त्याची शेतीवाडी त्याला परत दिली आणि राजपुत्रांप्रमाणे नित्य आपल्या पंक्तीला बसवले. आम्हांला वाटते, दया आणि न्याय यांतील अंतर ते हेच.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे शासनमान्य व अनुदानित शाळांनी अशा मुलांना खेळाची संधी इतरांच्या बरोबरीने द्यावयाची आहे. पण शब्बाथशाळेने कायद्याची वाट का पाहावी? शिक्षकबंधुभगिनींनो, पुढच्या सहलीपूर्वी त्या मुलाला व त्याच्या आईवडिलांना विचारा, "तुला काय जमते? काय आवडते?" डॉक्टरांनी काही मनाई केली असेल तर तीही समजून घ्या. मग खेळ ठरवा. तो बाद झाला तर बाद द्या, आणि जिंकला तर टाळ्या वाजवा.

चपला कोणी राखाव्यात? पाळीपाळीने सर्वांनी, आणि पहिली पाळी आम्ही शिक्षकांनी घ्यावी.